फरशीच्या अलीकडचं गाव

साहेब, तुमच्या कपाटात एका शाळेचा जो अहवाल पडलाय तो खोटा आहे. आणि खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यातल्या बाकीच्या ओळी खऱ्या आहेत, खोटी एकच. नेमक्या त्याच ओळीखाली तुम्ही हिरव्या शाईची रेघ मारलीत आणि शेजारी ‘उत्कृष्ट’ लिहिलंत.

गावाचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, हे एका गावाचं झालं, चौकशी लावू. चौकशीत कुणीतरी म्हातारा सापडेल, नाहीतर मास्तर सापडेल, आणि तुम्ही मोकळे. जळगावहून धुळ्याला जाणारा हायवे सोडून सात किलोमीटर आत, एवढं पुरे. गोष्ट त्या मास्तराची आहे. त्याचं नाव युवराज.

युवराजनं चौदा वर्षं धुळे जिल्ह्यात काढली, शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. आंतरजिल्हा बदलीचा फॉर्म सात वेळा भरला. आठव्यांदा बदली झाली ती थेट आपल्या गावातल्याच शाळेत. लोक म्हणाले, मास्तरनं नशीब काढलं. त्याची आई पार्वताबाई घरी एकटी होती, गुडघे गेलेले. तिनं एवढंच विचारलं, "आते ऱ्हाशी ना?"

घर वस्तीत. गाव आणि वस्ती यांच्या मधे नाला, आणि नाल्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा सिमेंटचा पूल. चाळीस पावलांचा. वस्ती बौद्धांची, साठेक घरांची. आधी तिचं नाव जातीवरून होतं. सरकारनं जातीची नावं काढायला लावली तेव्हा ‘समतानगर’ असा बोर्ड लागला. तो फरशीच्या पलीकडे लागला. अक्षरं मोठी आहेत, गावातूनही वाचता येतात.

आता कुणी असं समजू नये की गावात जुनी शिवाशिव चालते. पाण्याची टाकी एक. पन्नालाल शेठच्या किराणा दुकानात सगळ्यांना एकाच फळीवर बसायला मिळतं. देवळाचे पंच छगन नाना युवराजच्या ओट्यावर चहा पितात, आणि कप कोणता हे बघत नाहीत. नानांच्या सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा युवराजचा चुलतभाऊ बुद्धभूषण यानंच ट्रॅक्टरवर घालून तिला हायवेपर्यंत नेलं. नातवाचं बारसं झालं तेव्हा पहिला पेढा वस्तीत आला. सुटत सुटत सगळं सुटलं होतं. एक पालखी तेवढी राहिली.

चैत्रात देवाची पालखी निघायची. गावभर फिरायची आणि फरशीच्या अलीकडे जो निंब आहे, त्याच्याशी येऊन माघारी वळायची. कुणी कुणाला अडवत नव्हतं. तंटा नाही, पोलीस नाही. ती तिथून वळायची, एवढंच. पार्वताबाई परकरात होती तेव्हापासून ती पालखी पलीकडच्या काठावरून बघत आली. घरातले देव गेले, हात जोडणं गेलं, भिंतीवर बाबासाहेब आले. पण चैत्रात ताशा वाजला की म्हातारी शेळीचं काही ना काही निमित्त काढून काठावर जायची. विचारलं तर म्हणायची, "शेरडू बांधाले उनू."

नोव्हेंबरात शिक्षण खात्याचं तुमचं परिपत्रक आलं. सव्वीस तारखेला संविधान दिन. संविधानाची दिंडी काढावी, उद्देशिकेचं सामूहिक वाचन करावं, फोटो लिंकवर टाकावेत.

हे नवीन नव्हतं. आधीची पाच वर्षं सातवीतली एखादी पोरगी कपाटातलं संविधानाचं जाडजूड पुस्तक छातीशी धरून पुढं चालायची, मागून पोरं घोषणा द्यायची. गाव फिरून झालं की फरशी ओलांडून वस्तीत यायची. पार्वताबाईच्या ओट्यावर पुस्तक पाटावर ठेवायचं, पोरं माठातलं पाणी प्यायची आणि परत. यात कुणाला काही वाटायचं नाही. पोरी काय, कुठंही जातात.

मग युवराजला सुचलं. दिंडी म्हणायची तर पालखी हवी. त्याच्या डोक्यात आई होती. जी पालखी तिनं सत्तर वर्षं काठावरून बघितली तीच तिच्या दारात आणायची, आणि आत देव नाही, हे पुस्तक. याच्याहून मोठा न्याय कोणता, असं त्याला वाटलं. शिकलेल्या माणसाला असं वाटतं.

बुद्धभूषणनं ऐकलं आणि ट्रॅक्टरच्या चाकाशी बसल्या बसल्या हसला.

"दादा, देवनी गाडी आपला आंगे येस नही. तिले पेट्रोल पुरस नही."

"देव नाही रे बसवत आपण."

"गाडी तं तीच ना?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते."

"माले नही दिसत. माले फक्त रस्ता दिसस, डायवर शे मी," बुद्धभूषण म्हणाला आणि पाना शोधायला लागला.

युवराज छगन नानांकडे गेला. त्याला वाटलं होतं, वाद होईल. त्यानं चार मुद्दे कागदावर लिहून नेले होते. नानांनी ते काढूच दिले नाहीत.

"ने रे गुरुजी. इचारस काय? संविधान काय एकला तुमनं शे? आमनं बी शेच."

"खरंच नेऊ, नाना?"

"ने म्हनी राहिनू ना. गोंडा नवा लावी देस. फक्त खांदा मानकरी देतीन. पोरेसना काम नही ते, पालखी पाडी टाकतीन."

युवराजला गहिवरून आलं. तो नानांच्या पाया पडला. मार्ग कोणता, हे त्यानं विचारलं नाही. दिंडीचा मार्ग पाच वर्षं तोच होता, तो कशाला विचारायचा? आणि नानांनीही विचारलं नाही. पालखीचा मार्ग तर आजोबाच्या आजोबापासून तोच होता. दोघंही प्रामाणिक होते साहेब, हे लिहून घ्या.

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं, "माय, सव्वीसला पालखी आपल्या दारात येणार."

पार्वताबाईनं भाकर थापायची थांबवली. "ती पालखी?"

"तीच."

तिनं ती भाकर तव्यावर टाकली. पण दुसऱ्या दिवशी तिनं ओटा शेणानं सारवला, तो पक्का सिमेंटचा असताना. पेटीतलं पांढरं लुगडं काढून उन्हात टाकलं. वस्तीतल्या धुरपदाबाईला, दिपमालाला, सगळ्यांना सांगून आली. कापूस वेचणीचे दिवस, तरी सव्वीसला कुणी वावरात जायचं नाही असं ठरलं.

सव्वीसला सकाळी आठला पालखी शाळेत आली. झेंडूच्या माळा, नवा गोंडा, पन्नालाल शेठनं दिलेलं लाल मखमलीचं कापड. त्यावर पुस्तक ठेवलं. मुख्याध्यापक झुलाल सर मोबाईल घेऊन पुढून, मागून, बाजूनं फोटो काढत होते. सातवीतल्या प्रज्ञाचं पाठांतर पक्कं होतं. पालखी जिथं जिथं थांबेल तिथं तिनं उद्देशिका म्हणायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागून, असं ठरलं होतं. प्रज्ञा वस्तीतलीच. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी.

दिंडी निघाली. एवढी गर्दी आधी कधी झाली नव्हती. पायी पुस्तक जायचं तेव्हा लोक दारातून बघायचे आणि आत जायचे. आता बाया बाहेर आल्या. मानकऱ्यांच्या पायावर पाणी ओतलं. पुस्तकाला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. कुणीतरी नारळ फोडला आणि पाण्याचे चार थेंब कव्हरवर उडाले. युवराजनं रुमाल काढला, पण पुसायचं की नाही हे त्याला ठरवता येईना. एका म्हातारीनं नातवाला पालखीखालून काढलं, ताप उतरावा म्हणून. प्रज्ञा चौकात म्हणाली, मारुतीच्या पारापाशी म्हणाली, ग्रामपंचायतीपुढं म्हणाली. दरवेळी लोक हात जोडून ऐकत होते. पुस्तक उघडलं कुणीच नाही. पालखीतली वस्तू कुणी उघडत नसतं.

साडेनऊला दिंडी निंबाशी आली. पलीकडे सगळी वस्ती उभी होती, पांढऱ्या कपड्यात. पुढं पार्वताबाई, तिच्या हातात मेणबत्ती. वाऱ्यानं विझू नये म्हणून तिनं दुसऱ्या हाताचा आडोसा धरला होता.

निंबाच्या सावलीत चारही मानकऱ्यांनी पाय बदलले आणि पालखीचं तोंड फिरवलं. कुणी हुकूम दिला नव्हता. बैल घराकडं वळतो तशी ती वळली.

"नाना," युवराज म्हणाला, "पुढं जायचंय अजून."

"पुढे कोठे?"

"वस्तीत."

छगन नानांना पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"पालखी तं आठूनच, निंबपासूनच फिरस ना, गुरुजी."

"यात देव नाहीय, नाना. पुस्तक आहे."

"पुस्तक शे, मान्य शे. पालखी तं देवनीच शे ना? माले काय अडचन नही. मी उद्या येस तुन्हा घर, च्या पेस. पन हाई मन्हा हातमा नही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

नाना इकडं तिकडं बघायला लागले. मानकऱ्यांकडे बघितलं, मानकरी जमिनीकडे बघत होते. एक म्हणाला, "आमले खांदा देवाना माहीत, बाकी माहीत नही भाऊ."

"मग पुस्तक काढून द्या," युवराज म्हणाला. "पोरी हातात नेतील. नेहमीसारख्या."

"भरेल पालखी रस्तावर खाली करानी?" नाना म्हणाले. आता त्यांचा आवाज बदलला. "रिकामी पालखी देऊळमा गयी तं गावले चांगलं नही. काही व्हयनं तं लोके माले इचारतीन. देऊळमा पोचू दे, तठे काढ, मंग ने कोठे न्यानं ते."

झुलाल सर युवराजच्या कानाशी आले. ते भले माणूस, निवृत्तीला अकरा महिने राहिलेले. "युवराज, फोटो झालेत सगळे. पोरं उपाशी आहेत, खिचडी निवतेय. नंतर घेऊन जा ना तू निवांत. कशाला आज?"

युवराज पालखीपासून दोन हातांवर होता. दोन हात, साहेब. हात घातला असता तर पुस्तक निघालं असतं. चाळीस पावलं चाललं असतं तर पोचलं असतं. मारामारी झाली असती असंही नाही. फार तर आरडाओरडा. त्यानं हात उचलायला पाहिलं. दात काढताना दवाखान्यात सुई देतात आणि मग जबडा आपला राहत नाही, तसे त्याचे दोन्ही हात खांद्यापासून त्याचे राहिले नव्हते. राग आला नाही. रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की मेणबत्ती वितळून आईच्या बोटावर मेण सांडत असेल.

आणि तेवढ्यात प्रज्ञा म्हणायला लागली. पालखी थांबली होती ना. थांबेल तिथं म्हणायचं, असं तिला सांगितलेलं होतं, आणि सांगितलेलं ती करत होती. न्याय म्हणाली, स्वातंत्र्य म्हणाली, समानता म्हणाली. पोरं तिच्यामागून म्हणाली. छगन नानांनी टोपी नीट केली आणि हात जोडले. मानकरी खांद्यावर दांडा घेऊन सरळ उभे राहिले. फरशीच्या अलीकडे सगळे ताठ, पलीकडे सगळे ताठ. शेवटचं वाक्य संपेपर्यंत कुणी हललं नाही. संपलं, आणि पालखी परत निघाली.

पलीकडून कुणी हाक मारली नाही.

दुपारी दोनला युवराज देवळातून पुस्तक घेऊन घरी आला. कापडी पिशवीत घालून आणलं होतं, भाजी आणतात तसं. पार्वताबाईनं लुगडं बदललं होतं. तिनं पिशवीतून पुस्तक काढलं, पदर ओला करून हळदकुंकू पुसलं. पुसताना कव्हरवर पिवळा डाग पसरला, तो गेला नाही. तिला वाचता येत नाही. पण ती पुस्तक नेहमी सरळ धरते.

"देखी मी पालखी," ती म्हणाली. "गोंडा चांगला व्हता."

युवराज रिकाम्या पिशवीची घडी घालत होता.

"मांगला साले पोरी हातमा लई उन्यात. तवय ते घरमा उनं, पाटवर बसनं. औंदा तू त्याले मोठं करं." ती पुस्तकाच्या कडेला अडकलेली अक्षत नखानं काढत होती. "मोठं व्हयनं, अन् फिरी गयं."

बुद्धभूषण दारात उभा होता. चेष्टा करायला आला होता, पण त्यानं केली नाही. "जेवी ले दादा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अहवाल भरायचा होता. संयोजक म्हणून युवराजच्या नावानं. शाळेच्या संगणकापुढं तो बसला आणि झुलाल सर शेजारी. विद्यार्थी संख्या, भरली. घोषवाक्यं, भरली. मग तुमचा तो रकाना आला. ‘दिंडी संपूर्ण गावातून व सर्व वस्त्यांमधून काढण्यात आली का? होय / नाही.’

"होय कर," सर म्हणाले.

युवराजनं ‘नाही’ दाबलं. खाली एक खोका उघडला. ‘कारण लिहा, शंभर अक्षरांत.’

दोघंही त्या खोक्याकडे बघत बसले. रेघ लुकलुकत होती.

"लिही ना," झुलाल सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "काय लिहिशील? छगन नाना वाईट आहे असं लिहिशील? तो नाही वाईट. अडवलं म्हणून लिहिशील? कुणी अडवलं? पालखी तूच आणलीस."

युवराज शंभर अक्षरं शोधत होता. पाड्यावर चौदा वर्षं दुसऱ्याच्या पोरांना त्यानं अक्षरं शिकवली होती. आणि आता त्याला एक सापडेना. पंधरा मिनिटांनी स्क्रीन बंद पडली. त्यानं परत चालू केली, ‘होय’ दाबलं आणि पाठवून दिलं. बोटाला काही जाणवलं नाही. मेथीची जुडी खुडताना जाणवतं तेवढंही नाही.

जानेवारीत तुम्ही त्याला जळगावला बोलावलंत. सभागृह, गुलाबाचं फूल, प्रमाणपत्र. स्टेजवर तुम्ही म्हणालात की प्रत्यक्ष देवाच्या पालखीतून संविधान मिरवणारं हे गाव बघा, समरसता म्हणतात ती ही. टाळ्या झाल्या. फोटोत युवराज हसतोय असं दिसतं. तो हसत नव्हता, ओठ सुकले होते. पण एक सांगा. त्यानं अहवालाबरोबर पाठवलेल्या सत्तावीस फोटोंत एकही फोटो फरशीवरचा नाही. आधीच्या पाचही वर्षांच्या अहवालांत आहे. तुम्ही ते पाहिले होते. स्टेजवरून उतरताना तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणालात, "वस्तीतला फोटो राहिलेला दिसतो. जाऊ द्या. कार्यक्रम छान झाला." म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं.

त्या एका वाक्यानं काय झालं कुणास ठाऊक. युवराज एसटी स्टँडपर्यंत गेला, धुळ्याच्या गाडीत बसला, आणि गाडी हलायच्या आत उतरून परत तुमच्या कार्यालयात आला. आवक टेबलावर मेघा मॅडम होत्या.

"मला अहवाल दुरुस्त करायचाय," त्यानं सांगितलं.

"कुठला? सत्काराचा?" मॅडमनी चष्मा वर केला. "गुरुजी, लोक सत्कार झाला नाही म्हणून अर्ज देतात. झाला म्हणून देणारे तुम्हीच. अहवाल आता उघडत नाही, लॉक झालाय."

"मग अर्ज घ्या."

"कशाबद्दल लिहू?"

"एक माहिती पाहिजे."

त्यानं तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला. प्रमाणपत्र त्याला टाचणीनं जोडलं. मॅडमनी शिक्का मारला, नंबर टाकला आणि पोच देताना पुटपुटल्या, "हे वाचणार कोण, माहीत नाही हं मला." 

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय दिधं?"

"कागद दिला होता, परत देऊन आलो."

"बरं करं," ती म्हणाली, आणि ताट वाढलं.

त्याला दहा महिने झाले. युवराज शाळेत जातो, शिकवतो, चहाला छगन नाना येतात, चैत्रात पालखी निघाली आणि निंबापासून वळली. त्या दिवशी पार्वताबाई काठावर गेली नाही. शेळी दिवसभर मोकळीच फिरली. युवराजच्या हातांना अजून तसं पूर्ण कळत नाही. गरम कप धरला तरी उशिरा लागतो. प्रज्ञा आठवीला तालुक्याच्या शाळेत गेली. जाताना तिनं विचारलं होतं, "सर, त्या दिवशी मी तिथं म्हणायला नको होतं का?" त्यानं सांगितलं, तू बरोबर म्हणालीस बाई, चुकलं ते दुसरीकडे.

आता परत नोव्हेंबर आला. तुमचं परिपत्रकही आलं. या वर्षी त्यात नवीन ओळ आहे, की दिंडी शक्यतो पालखीतूनच काढावी, मागील वर्षीच्या एका गावाचा आदर्श घ्यावा. म्हणजे आता जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात पुस्तक पालखीत बसेल, आणि प्रत्येक गावात एक निंब आहे.

काल संध्याकाळी पार्वताबाईनं विचारलं, "औंदा कोठून फिरी रे?" 

युवराजनं पोचपावती काढून बघितली, नंबर आहे, शिक्का आहे, तारीख आहे. अर्जात एकच प्रश्न होता. तो शंभर अक्षरांत बसतो, त्यानं मोजून लिहिला होता. तो असा: ‘आमचं गाव फरशीच्या अलीकडे संपतं की पलीकडे? कृपया लेखी कळवावे.’

सव्वीस तारखेला बारा दिवस आहेत, साहेब. आईला काय सांगायचं ते कळवा. तोंडी नको. खांद्यावर हात ठेवून नको. त्याच हिरव्या शाईनं लिहा, खाली सही करा. गाव कुठं संपतं?